मधमाशी, गांधीलमाशी की साधी माशी? रंग सगळ्यांत शेवटी पाहा

परसातला कोथिंबिरीचा एखादा वाफा काढायचा राहून जातो आणि थंडीत त्याला पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. तो उपटू नका. माश्या ओळखायला शिकायचं तर सातारा-सांगलीकडच्या माणसाला याहून चांगली जागा मिळणं अवघड आहे. कोथिंबिरीचं फूल पसरट आणि उघडं असतं, मकरंद वरच्यावर असतो, त्यामुळे आखूड सोंडेची, लांब सोंडेची, लहान-मोठी अशी सगळी मंडळी तिथे येतात. शिवाय फूल गुडघ्या-मांडीएवढ्या उंचीवर, म्हणजे वरून नीट दिसतं. बडीशेप, ओवा किंवा बियाण्यासाठी ठेवलेली गाजराची झाडं असतील तर तीही तितकीच चांगली.

या वाफ्यावर जे जे गुणगुणतं त्यात पिवळे-काळे पट्टे दिसले की आपण 'मधमाशी' म्हणून मोकळे होतो, नाहीतर 'गांधील आहे, फोडेल' म्हणून हातात चप्पल घेतो. या लेखात तीन गट वेगळे करायला शिकू. पहिला मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंदांचा, म्हणजे त्यात भुंगेही आले. दुसरा गांधीलमाश्या आणि मातीचं घर करणाऱ्या कुंभारणींचा. तिसरा घरमाशीच्या कुळाचा. त्यांना इथे 'साधी माशी' म्हणू.

माझा आग्रह एकच आहे: रंग सगळ्यांत शेवटी पाहायचा. पट्टे तिन्ही गटांत असतात. नांगी नसलेल्या साध्या माश्यांच्या कितीतरी जातींचं रूप हजारो पिढ्यांत मधमाशीसारखं किंवा गांधीलमाशीसारखं घडत आलं आहे, कारण तसं दिसणाऱ्या किड्याला पक्षी आणि सरडे टाळतात. पक्ष्याला चकवणारे पट्टे आपल्यालाही चकवणारच. डोकं, पंख आणि पाय मात्र इतक्या सहजी फसवत नाहीत.

पायरी १: वेळ आणि अंतर

सकाळी ऊन तापायला लागलं की बसा, साधारण आठ ते अकरा. आपली सावली फुलावर पडणार नाही अशी बाजू धरा. सावली सरकली की साधी माशी उठलीच. फुलावर आलेली मधमाशी चरायला आलेली असते. घर लांब असतं, राखायचं काही नसतं, त्यामुळे दाबली किंवा चिरडली नाही तर ती सहसा डंख मारत नाही. एक-दीड हातावरून निवांत पाहता येतं. मोहोळाजवळचे नियम वेगळे आहेत, ते शेवटी येतील.

मोबाईलवर फोटोपेक्षा व्हिडिओ काढा, जमल्यास स्लो मोशनमध्ये, आणि नंतर थांबवून थांबवून पाहा. समोरून चेहरा, वरून पंख, बाजूनं कंबर आणि पाय, अशा तीन बाजू मिळाल्या तर बहुतेक वेळा गट नक्की सांगता येतो. लोक नेमका पाठीचाच फोटो काढतात. त्यात पट्टे छान येतात, पण ओळखायला उपयोगी असं थोडंच येतं.

पायरी २: चेहरा पाहा

सगळ्यांत भरवशाची खूण इथे आहे. साध्या माशीचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापून असतात. समोरून पाहिलं तर डोळेच दिसतात. बऱ्याच जातींच्या नरांमध्ये तर ते माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात. आणि मिशा? शोधाव्या लागतात. दोन डोळ्यांच्या मधे, पुढच्या बाजूला, आखूड खुंटासारखं काहीतरी असतं तेवढंच.

मधमाशी आणि गांधीलमाशीच्या मिशा लांब, ठळक आणि मधेच कोपरात दुमडलेल्या असतात. त्या सतत हलत असतात. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, लांबट, आणि दोघांच्या मधे कपाळाची चांगली रुंद जागा. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की दोन हातांवरूनही 'ही साधी माशी' असं सांगता येऊ लागतं. नवीन माणसानं सुरुवातीला फक्त एवढाच सराव करावा असं मला मनापासून वाटतं. वाफ्यावर येणाऱ्या प्रत्येकीच्या मिशा पाहायच्या. लांब की आखूड? बाकी काही नाही.

अपवाद दोन लक्षात ठेवा. मधमाश्यांतल्या नराचे डोळे मोठे असून माथ्यावर भिडतात, पण तो फुलांवर जवळजवळ दिसतच नाही, मोहोळापाशी दिसतो. दुसरा अपवाद कंपोस्टच्या खड्ड्यापाशी आणि ओल्या कचऱ्याच्या डब्याभोवती भेटतो: काळी सैनिक माशी. अंग काळं, लांबट, मिशा साध्या माशीच्या मानानं चांगल्या लांब, आणि पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या, त्यामुळे लांबून तिला गांधीलमाशीसारखी बारीक कंबर असल्याचा भास होतो. तिला नांगी नाही, ती चावतही नाही. तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्यानं फस्त करतात, म्हणून त्या मुद्दाम पाळल्याही जातात. घरी कंपोस्ट करणाऱ्यांनी तिला घाबरून औषध मारू नये.

पायरी ३: पंख

पुस्तकी नियम सोपा आहे: साध्या माशीला दोन पंख, मधमाशी आणि गांधीलमाशीला चार. साध्या माशीच्या मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक गुंड्या उरलेल्या असतात. उडताना तोल सांभाळायचं काम त्या करतात. प्रत्यक्षात मात्र वाफ्यापाशी उभं राहून चार पंख मोजता येत नाहीत, कारण मधमाशीचा मागचा पंख बारीक आकड्यांनी पुढच्या पंखाला अडकलेला असतो आणि दोन्ही मिळून एकच दिसतात. म्हणून पंख मोजत बसू नका, बसल्यावर ते कसे ठेवलेत ते पाहा.

सिरफिड माशी, म्हणजे फुलांवर येणारी एक पट्टेदार साधी माशी, बसली की पंख बहुधा दोन बाजूंना तिरके पसरून ठेवते, आणि मधलं पट्टेदार पोट उघडं दिसतं. मधमाशी पंख पाठीवर एकावर एक आडवे टाकते. खऱ्या गांधीलमाशीची तऱ्हा निराळी: ती प्रत्येक पंखाची लांबीतून घडी घालते, जपानी हातपंखा मिटावा तशी, त्यामुळे बसलेल्या गांधीलमाशीचे पंख दोन अरुंद पट्ट्यांसारखे अंगालगत दिसतात. ही घडी दिसली की मी पुढची तपासणी करत नाही.

उडण्याची ढबही पाहा. सिरफिड माशी हवेत एका जागी अशी थांबते की टांगून ठेवल्यासारखी वाटावी, मग झटक्यात बाजूला सरकते आणि पुन्हा थांबते. पण हवेत थांबणं एवढ्यावरूनच निकाल देऊ नका. भुंग्यांचे नरही आपली जागा राखत हवेत थांबतात.

पायरी ४: मधमाशी की गांधीलमाशी?

लांब मिशा दिसल्या, म्हणजे साधी माशी बाद झाली. आता उरलेल्या दोघींतला फरक त्यांच्या पोटापाण्याच्या धंद्यात आहे. मधमाशी स्वतः शाकाहारी आणि पिल्लांनाही पराग आणि मधच भरवते. गांधीलमाशी स्वतः मकरंद पिते, उसाचा रस पिते, पण तिच्या अळ्यांना मांस लागतं: सुरवंट, कोळी, टोळ, झुरळं. शरीराची ठेवण या धंद्याप्रमाणेच आहे.

पराग वाहायचा म्हणून मधमाशीच्या अंगावर लव असते, आणि तिचे केस साधे सरळ नसून त्यांना फाटे असतात, त्यात परागकण अडकतात. मागचे पाय रुंद. त्यांवर पिवळा, नारिंगी किंवा पांढुरका परागाचा गोळा दिसला तर प्रश्न मिटला, ती मधमाशीच. सातेरी, आग्या, फुलोरी या पोळं करणाऱ्या मधमाश्यांचा गोळा मकरंदानं ओलसर करून थापलेला, गुळगुळीत असतो. भुंगे आणि निळ्या पट्ट्यांची माशी कोरडा पराग मागच्या पायांच्या दाट केसांत भरतात. आणि पानं कापणारी माशी पराग पायांवर नेतच नाही, पोटाखालच्या केसांत नेते. फुलावरून उठली की तिचं पोट खालून पिवळंधमक दिसतं. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाच्या कडेला अगदी गोल, कात्रीनं कापल्यासारखे तुकडे गेलेले दिसतात ना, ते तिचं काम. त्या तुकड्यांचं ती घर बांधते. फवारणी करण्यासारखं त्यात काही नाही.

गांधीलमाशीचं अंग तुकतुकीत, कंबर बारीक, पाय सडपातळ, आणि उडताना ते खाली लोंबतात. फुलावर ती मकरंद पिऊन निघून जाते, परागात लोळत नाही. अनेकदा ती फुलांवर नसतेच. पानांवरून, बांधावरून, कोबीच्या गड्ड्यांवरून शिकार हुडकत फिरताना दिसते.

इथेही नियम मोडणारी एक आहे, आणि ऊस लावणाऱ्या प्रत्येकानं तिला ओळखावं. उसाच्या सरीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक काळी, दणकट, चक्क केसाळ गांधीलमाशी घिरट्या घालताना दिसते. पोटावर पिवळे किंवा पांढुरके पट्टे, पंखांना निळसर झाक. केस पाहून ती भुंगा वाटते. ती जमिनीत उसाची मुळं खाणारी हुमणी शोधत असते. उकरून आत जायचं, हुमणीच्या अळीला नांगी मारून लुळी करायचं आणि तिच्यावर अंडं घालायचं. अंड्यातून निघालेली अळी ती हुमणी खाते. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात हुमणीनं उसाची बेटंच्या बेटं वाळवलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या माशीची किंमत वेगळी सांगायला नको.

आणखी एक सूचना: पराग नाही म्हणजे गांधीलमाशी, असा उलटा निष्कर्ष काढू नका. हिवाळ्यात गुऱ्हाळावर जाऊन उभे राहा. काहिलीभोवती, रसाच्या टाकीवर, ढेपांवर सातेरी, आग्या, गांधीलमाश्या, निळ्या झाकेच्या साध्या माश्या असा सगळा मेळा असतो. सगळ्या गोडासाठी आलेल्या, कुणाच्याच पायावर गोळा नाही. तिथे पुन्हा चेहरा, पंख, कंबर याच क्रमानं जायचं. कोथिंबिरीवर हात बसला की गुऱ्हाळ ही चांगली दुसरी परीक्षा आहे.

पायरी ५: कान लावा

ही पायरी बहुतेक लोक सोडून देतात आणि मला ती फार आवडते. कृष्णाकाठच्या वांग्याच्या शेतात सकाळी जा. वांग्याच्या फुलातला पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतो, नुसतं बसून तो मिळत नाही. निळ्या पट्ट्यांची माशी येते, फुलाच्या मधल्या पिवळ्या दांडीला मिठी मारते आणि पंख न हलवता छातीचे स्नायू जोरात थरथरवते. पराग भोकांतून उडून तिच्या पोटावर पडतो. त्या क्षणी आवाज बदलतो: उडतानाची मंद गुणगुण थांबते आणि बारीक, चढ्या पट्टीतला 'ऽझ्झ्' तुटक तुटक ऐकू येतो. भुंगेही हे करतात. टोमॅटोलाही याचा फायदा होतो. सातेरी किंवा आग्या माशीला मात्र ही कला येत नाही. त्यामुळे वांग्याच्या फुलावर तो आवाज आला तर डोळे मिटूनही सांगता येतं की फुलावर भुंगा तरी आहे किंवा निळ्या पट्ट्यांची माशी तरी.

तिन्हीसांजेला हीच निळ्या पट्ट्यांची माशी, विशेषतः नर, वाळक्या काडीला जबड्यानं धरून ओळीनं झोपलेले सापडतात. टॉर्च लावून अंगणाच्या कडेचं गवत तपासा.

पायरी ६: घर पाहा

माशी उडून जाते, घर जागेवर राहतं. घरावरून ओळखणं सगळ्यांत निवांत.

मेणाचं पोळं म्हणजे मधमाशी. उंच झाडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीखाली, पुलाच्या कमानीला किंवा किल्ल्याच्या कड्याला लटकणारं एकच एक मोठं उघडं पोळं आणि त्यावर माश्यांचा काळसर पडदा, हे आग्या मोहोळ, गावाकडं ज्याला मव्हाळ म्हणतात. ही माशी सतरा-वीस मिलिमीटरची, आपल्याकडच्या मधमाश्यांत सगळ्यांत मोठी. पावसाळा सरून फुलोरा आला की थवे येतात आणि चारा संपला की पोळं रिकामं टाकून निघून जातात. गांधीलमाशी जवळ आली की पडद्यावरच्या माश्या पोट वर उचलतात आणि सबंध पोळ्यावरून लाट गेल्यासारखी दिसते. लांबून, दुर्बिणीतून पाहावं असं हे दृश्य आहे.

कुंपणाच्या झुडपात, काडीभोवती, तळहाताएवढं एकच पोळं आणि पोटाची सुरुवात तांबूस असलेल्या छोट्या माश्या, ही फुलोरी. झाडाच्या ढोलीत, दगडी भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकमेकांना समांतर अनेक पोळी, ही सातेरी. ती अंधारात राहते आणि अनेक पोळी करते म्हणूनच पेटीत पाळता येते. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मधसंचालनालय आहे, तिथे मधमाशीपालन शिकवतात, आणि त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथल्या पेट्यांवर सातेरी जवळून पाहून या. इतकी सोय आपल्या शेजारी असताना पुस्तकातल्या चित्रांवर भागवू नये. सूर्यफूल किंवा कांदा-बियाण्याच्या शेतात मोठ्या पेट्या ठेवलेल्या दिसल्या तर त्यात बहुधा मेलिफेरा ही मूळची परदेशी मधमाशी असते, सातेरीपेक्षा थोडी मोठी आणि रंगानं पिवळसर.

भिंतीच्या फटीतून किंवा खोडातून डिंकाची छोटी नळी बाहेर आलेली असेल आणि तिच्या तोंडाशी तीन-चार मिलिमीटरच्या काळ्या माश्या पहारा देत असतील तर ती पोयाची माशी. लोक हिला चिलट समजतात. हिची नांगी निकामी आहे, पण मधमाश्यांच्याच कुळातली ही पक्की कामकरी.

वाळलेल्या बांबूला, जुन्या तुळईला बोटभर रुंदीचं गोल भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसला, तर तिथे भुंगा राहतो. काळाकुळीत, पंखांवर जांभळी-निळी झळाळी. काही जातींत छातीवर पिवळी लव. शेवग्याच्या फुलांवर याला हमखास पाहाल.

कागदाचं घर म्हणजे गांधीलमाशी. लाकडाचे तंतू खरवडून, चावून, लाळेत मळून ती राखाडी-तपकिरी कागद करते. खिडकीच्या चौकटीला, पत्र्याच्या आतल्या बाजूला, तोंडं खाली केलेल्या उघड्या घरांची छत्री लटकते. छोटी, तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळ्या पट्ट्याची जी गांधीलमाशी आपल्या घरांना वस्ती करते, तिच्याच कुळातल्या एका जातीचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक दशकं अभ्यास केला. त्या जातीत राणी दिसायला इतरांसारखीच असते, आणि राणी नाहीशी झाली की तिची वारस फारसं भांडण न होता जागा घेते. याहून मोठी, जवळपास इंचभर लांब, काळी आणि पोटावर एकच रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असलेली जी गांधीलमाशी दिसते, ती इतर गांधीलमाश्यांची पोळी लुटून त्यांच्या अळ्या आपल्या पिल्लांना नेते. तिच्यापासून मात्र लांबच राहा.

मातीचं घर म्हणजे कुंभारीण. भिंतीच्या कोपऱ्यात, तसबिरीमागे, मीटरच्या पेटीत चिखलाचे लिंपलेले लांबट गोळे, किंवा काडीवर छोटंसं गाडगं. गोळे लिंपणारीची कंबर इतकी लांब आणि बारीक की पोट दोऱ्यानं बांधल्यासारखं वाटतं. जुनं घर फोडून पाहिलंत तर आत कोळी निघतील. गाडगं करणारीच्या घरात सुरवंट. ते मेलेले नसतात, नांगीनं लुळे केलेले असतात, म्हणजे अळीला ताजं अन्न मिळावं.

साध्या माश्या घर बांधतच नाहीत. अंडी घातली की त्यांचं काम संपलं.

साध्या माश्यांबद्दल थोडं जास्त

या गटाला लोक सरसकट घाण समजतात, म्हणून इथे थांबतो. कोथिंबिरीवर जी पट्टेदार, हवेत थांबणारी माशी 'छोटी गांधील' म्हणून हाकलली जाते, ती सिरफिड. तिच्या अळ्या मावा खातात. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी माव्याचा उद्रेक झाला, पानं पांढरी पडली, खालच्या पानांवर काळी बुरशी चढली, हे पन्नाशीतल्या शेतकऱ्यांना आठवत असेल. त्या माव्यावर जगणाऱ्या मित्रकिडींत सिरफिड माश्यांच्या अळ्याही होत्या. बांधावर चार रोपं कोथिंबीर-बडीशेपेची फुलू दिली तर प्रौढ माश्यांना मकरंद मिळतो आणि त्या आपल्या शेतात टिकतात.

सिरफिडांतलीच आणखी एक जात थेट मधमाशीसारखी दिसते: जाड, तपकिरी, केसाळ. काही जातींच्या डोळ्यांवर ठिपके किंवा उभ्या रेघा असतात, त्या दिसल्या की फसायचं कारण नाही. हिच्या अळ्या गोठ्यामागच्या साठलेल्या पाण्यात राहतात, शेपटीसारख्या लांब नळीनं वरून श्वास घेतात.

कासच्या पठारावर गेलात तर तिथेही पाहा. पश्चिम घाटाचा भाग म्हणून ते २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि भाद्रपदातल्या ढगाळ, गार हवेत मधमाश्या कमी निघतात तेव्हाही साध्या माश्या पसरट फुलांवर काम करत असतात. पाकळ्या दाबून आत शिरावं लागतं अशा फुलांवर मात्र बहुधा मधमाशीच सापडेल. पायवाट सोडून फुलांत उतरू नका. वाटेच्या कडेलाच भरपूर दिसतं.

बाकी दोन माश्या घाईत सांगतो. जनावरांना बेजार करणारी गोमाशी तोंडानं चावते. तिला मागे नांगी नसते. आणि दोडका-कारल्यावरच्या फळमाशीच्या मागं जे टोक दिसतं ते फळात अंडी घालायचं साधन आहे, माणसाला त्याचा काही त्रास नाही.

उलट्या बाजूनं, चिलटासारखं दिसणारं सगळंच चिलट नसतं. उंबर फोडल्यावर आतून उडणारे बारीक जीव गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातले आहेत, त्यांच्यावाचून उंबराला बी धरत नाही. खोडकिडीसाठी उसाच्या पानांना आपण जी ट्रायकोकार्डं, म्हणजे मित्रकीटक भरलेली कार्डं, टाचतो, त्यातून निघणारेही त्याच नात्यातले.

ओळख पटल्यावर काय करायचं

कुंभारणीला काही करायचं नाही. ती एकटी राहते, घर राखायला अंगावर येत नाही. गोळे नको असतील तर भोकं पडून रिकामे झाल्यावर खरवडून काढा.

गांधीलमाशीचं पोळं वावराच्या वाटेवर नसेल तर राहू द्या, ती भाजीवरच्या अळ्या उचलते. दाराच्या चौकटीवर, मुलांच्या हाताला येईल असं असेल तर पोळं दोन-चार घरांचं असतानाच, संध्याकाळी, लांब काठीनं काढा. मोठं झालेलं पोळं स्वतः काढायला जाऊ नका. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांसाठी एक गोष्ट: शाबूत मण्याला मधमाशी भोक पाडत नाही, तडकलेल्या किंवा गांधीलमाशीनं, पाखरांनी फोडलेल्या मण्यावर ती नंतर येते. तिच्यावर राग काढू नका. आणि फुलोऱ्यातल्या कुठल्याही पिकावर फवारायचंच असेल तर संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर.

आग्या मोहोळ जाळू नका आणि जाळू देऊ नका. टेंभा लावून हजारो माश्या मारण्याची गरज नाही. माश्या न मारता मध काढणारे प्रशिक्षित मधपाळ आपल्या भागात आहेत, आणि उंचावरचं मोहोळ हंगाम संपल्यावर आपोआप रिकामं होतं. गडावर जाताना उग्र अत्तर नको, कड्याखाली धूर, फटाके, दगडफेक, ड्रोन नको. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका. तोंड आणि डोकं कापडानं झाका आणि सरळ रेषेत पळत बंद खोली किंवा गाडी गाठा. विहिरीत, पाटात उडी मारू नका. माश्या वरच घोंघावत राहतात आणि श्वासाला डोकं वर काढावंच लागतं.

मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती कातडीत अडकते आणि विषाच्या पिशवीसकट तुटून राहते. पिशवी त्यानंतरही विष ढकलत असते, म्हणून नखानं, कार्डानं, जे हाताशी असेल त्यानं ती ताबडतोब काढा. कशानं काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं. नंतर जागेवरून दूर जा, कारण त्या नांगीच्या वासानं बाकीच्या माश्या तिथेच येतात. गांधीलमाशीची नांगी अडकत नाही, ती एकामागून एक डंख मारू शकते. जागा साबणानं धुवा, बर्फ किंवा गार पाण्याची घडी ठेवा, बोटाला डंख असेल तर अंगठी आधी उतरवा. अंगभर गांध्या उठणं, ओठ-जीभ-घसा सुजणं, दम लागणं, चक्कर येणं, यांतलं काहीही दिसलं, किंवा एकाच वेळी खूप डंख बसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि रुग्णाला जवळच्या दवाखान्यात न्या. लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल, किंवा तोंडाच्या आत डंख बसला असेल, तर लक्षणं दिसायची वाट पाहू नका.